पॉलिहाऊसचं नंतर बघू, आधी जूनचा हप्ता थांबवा

काटोल तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराचं पत्र आलं आहे. वय ४२, घरी आई, बायको आणि ११ वर्षांची मुलगी. पत्र थोडक्यात देतो.

“५ एकर संत्रा आहे, साडेपाचशे झाडं, बहुतेक आंबिया बहार. घरामागे १० गुंठ्यांचं शेडनेट आहे. त्यात बायको मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं करून विकते. मागच्या हंगामात अडीच लाख रोपं गेली, रोपामागे ५० पैसे सुटले. आता बाजूला १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस करून रंगीत ढोबळी मिरची लावायची आहे. बँक १२ लाख द्यायला तयार आहे, आणि दोन वर्षांत पैसे वसूल होतात असं उभारणी करणारा सांगतो. सोसायटीचं पीककर्ज २ लाख, गेल्या वर्षी थकलं. कृषी केंद्राची उधारी दीड लाखापर्यंत जाते, महिन्याला दोन रुपये शेकडा. ऑगस्टमध्ये व्यापारी उचल देतो, बाग त्यालाच जाते. विम्याची काळजी नाही. साडूभाऊ एजंट आहेत, त्यांच्याकडून मुलीच्या शिक्षणासाठी २० वर्षांच्या दोन पॉलिसी घेतल्या, एक माझ्या नावे, एक तिच्या. ६०-६० हजार जूनमध्ये भरतो, ४ हप्ते झाले. नर्सरीच्या उत्पन्नावर कर लागेल, तोही वाचतो. तर पॉलिहाऊसचं कर्ज घ्यावं का?”

कर्ज घेऊ नका. त्याचा हिशेब खाली देतो, पण तुमच्या घरातला पैसा ज्या भोकातून गळतो आहे ते तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. आधी तेच बघू.

नर्सरीतून तुमच्या बायकोने सव्वा लाख कमावले. हा पैसा मे-जूनमध्ये हातात येतो, म्हणजे नेमका बागेला खत आणि फवारणी लागते तेव्हा. त्याच जूनमध्ये १ लाख २० हजारांचा हप्ता जातो. तिची वर्षाची सगळी कमाई एका पावतीत संपते. मग खतासाठी कृषी केंद्राची उधारी, ऑगस्टमध्ये फळगळीचे फवारे आले की व्यापाऱ्याची उचल, आणि दिवाळीनंतर तोडणी झाली की दोघांचे पैसे कापून जे उरतं त्यात सोसायटी भागत नाही. तुमची बाग तोट्यात नाही. पैसा चुकीच्या महिन्यात चुकीच्या ठिकाणी जातो आहे.

याची किंमत काढू. दीड लाखाची उधारी सहा महिने, व्याज १८ हजार. पीककर्ज वेळेत भरलं असतं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं. थकलं की सवलत गेली, ७ टक्क्यांनी १४ हजार, वर दंड वेगळा. आणि सगळ्यात मोठी गळती उचलीची. ज्याचे पैसे ऑगस्टमध्ये घेतले त्याच्याशी नोव्हेंबरात भावावर भांडता येत नाही. २० टन माल धरला आणि किलोला ३ रुपयेच कमी मिळाले असं मानलं, तरी ६० हजार. एकूण ९० हजारांच्या पुढे. दरवर्षी.

आणि हे सोसून तुम्ही काय विकत घेता? अशा पारंपरिक पॉलिसीत हाती येतं ५ टक्क्यांच्या आसपास. २४ टक्क्यांनी पैसे काढायचे आणि ५ टक्क्यांनी ठेवायचे, हे कोणत्याही घराला परवडत नाही. साडूभाऊंनी दाखवलेल्या तक्त्यात ४ आणि ८ टक्क्यांचे रकाने असतात. तोंडी सांगताना बहुतेक वेळा ८ चाच आकडा सांगतात, आणि त्याची हमी कोणीही देत नाही. ५ टक्क्यांनी २० वर्षांनंतर ४०-४१ लाख होतील. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या हिशेबाने ते १३ लाख.

आता मुलीचं वय मोजा. पहिला हप्ता भरला तेव्हा ती ७ वर्षांची होती. पॉलिसी पिकेल तेव्हा २७ ची असेल. शिक्षणाचा पैसा तिला १८ व्या वर्षी लागणार आहे. त्या वेळी सुकन्या समृद्धी खातं उघडता आलं असतं, सध्या त्यावर ८.२ टक्के करमुक्त व्याज आहे आणि मुलगी १८ वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. ते खातं मुलगी १० वर्षांची होईपर्यंतच उघडतं. तुमच्यासाठी ती दारं बंद झाली, आणि कोणी सांगितलं नाही याचा मला खरोखर राग आहे.

कराचं कारण तर धडधडीत चूक आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, आणि नर्सरीत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीचंच धरायचं, हे २००८ च्या वित्त कायद्यापासून स्पष्ट आहे. जो कर लागतच नाही तो वाचवायला पॉलिसी कशाला?

विमा म्हणूनही हे लंगडं आहे. एक पॉलिसी मुलीच्या जिवावर. घर चालतं ते तुमच्या आणि तुमच्या बायकोच्या कष्टावर, ११ वर्षांच्या मुलीच्या नाही. तुमच्यावरचं संरक्षण हप्त्याच्या दहा पट धरलं तर ६ लाख, आणि तुम्ही १२ लाखांचं कर्ज काढायला निघाला आहात.

करायचं ते या क्रमाने. आधी स्वतःसाठी ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा, वयाच्या ६० वर्षांपर्यंत. वर्षाला १०-१५ हजारांत बसावा. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असाल तर अर्जात तसं लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलं तर दाव्याच्या वेळी बायकोला उत्तरं द्यावी लागतील. बायकोसाठी निदान बँकेतून ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवनज्योती घ्या, २ लाखांचं संरक्षण मिळतं. टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच, त्याआधी नाही, जुन्या दोन्ही पॉलिसींचं सरेंडर मूल्य, म्हणजे मुदतीआधी बंद केल्यावर मिळणारी रक्कम, कंपनीच्या शाखेतून लेखी मागा. ४ हप्त्यांनंतर ते भरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास असतं. ४ लाख ८० हजार भरलेत, २ लाख ४० हजारांच्या आसपास मिळतील. निम्मे गेले हे बोचेल. पण वर्षाला ९० हजारांची गळती थांबली की तीन वर्षांत ते भरून निघतात, आणि पुढचे १६ हप्ते वाचतात ते वेगळेच.

साडूभाऊंशी संबंध बिघडतील ही भीती पत्रात लिहिली नसली तरी असणार. त्यांचं मोठं कमिशन पहिल्या वर्षीच मिळालेलं आहे. नातं दिवाळीच्या फराळाने टिकवा, मुलीच्या पैशाने नको.

आलेल्या पैशातले दीड लाख या वर्षीच्या खत-औषधांसाठी बाजूला ठेवा आणि रोखीने घ्या. उरलेले ९० हजार सोसायटीच्या मार्चअखेरसाठी. उचल घेऊ नका. तोडणीच्या वेळी नागपूरच्या कळमना बाजारातला भाव बघून मग सौदा करा. दोन हंगाम असे गेले की मुलीसाठी बहार विकल्यावर एकरकमी टाकत चला. दर महिन्याच्या हप्त्याची कोणतीही योजना गळ्यात बांधून घेऊ नका, तुमचा पैसा महिन्याला येत नाही. फळपीक विमा घेताना गारपिटीचं जादा संरक्षण घ्या, ते वेगळं भरावं लागतं आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते.

आता पॉलिहाऊस. १० गुंठ्यांत ढोबळी चांगली आली तर ८-९ टन, सरासरी ४० रुपयांनी साडेतीन लाख. रोपं, विद्राव्य खतं, मजुरी धरून दोन लाख खर्च. राहिले दीड. १२ लाखांचा सात वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी वर्षाला जवळजवळ अडीच लाख. सबसिडी उभारणीनंतर, मोका तपासणी होऊन येते, तोवर व्याज पूर्ण रकमेवर. ती आली आणि कर्ज ७ लाखांवर उतरलं तरी वर्षाला दीड लाख हप्ता आहेच, म्हणजे तुमच्या हातात शून्य. चार-पाच वर्षांत प्लास्टिक बदलायचा खर्च यात धरलेला नाही. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशाला बंद पॉलिहाऊसमध्ये ढोबळीची फुलं टिकत नाहीत, हेही नाही. दोन वर्षांत वसुली सांगणाऱ्याला हप्ता भरायचा नसतो.

वाढवायचंच असेल तर शेडनेटची नर्सरी वाढवा. ती तुमच्या घरातली सगळ्यात चांगली गुंतवणूक आहे. गिऱ्हाईक घराशी येतं, पैसे रोख मिळतात, आणि तेही जूनच्या तोंडावर. मागच्या हंगामात जागा नाही म्हणून किती जणांना रोपं देता आली नाहीत, हे बायकोला विचारा. आकडा ५०-६० हजार रोपांच्या वर असेल तर आणखी ५ गुंठ्यांच्या शेडनेटसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज करा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत मात्र एक खड्डाही खणू नका.