आईची स्तनाच्या कॅन्सरवरची पाल्बोसायक्लिबची गोळी चालू आहे, नागपुरी संत्री दिलेली चालतील का?
हो, संत्री खुशाल द्या. बंद ठेवायचं ते ग्रेपफ्रूट आणि पपनस. गोळीच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूटचं नाव स्पष्ट आहे, पपनस त्याचंच भावंड. यांतली फ्युरानोकुमारिनं नावाची द्रव्यं आतड्यातलं सीवायपी-3ए4 हे एन्झाइम निकामी करतात. शरीरात औषधाचं विघटन करतं ते हेच एन्झाइम, मग 125 मिलिग्रॅमचा डोसही रक्तात जास्त चढतो. आपल्या संत्र्यात ही द्रव्यं नगण्य असतात. पाल्बोसायक्लिब सीडीके 4 आणि 6 ही पेशी-विभाजन चालवणारी प्रथिनं अडवून पेशीला विभाजनाआधीच थांबवतं, पण अस्थिमज्जेतल्या पेशीही त्यात अडकतात आणि जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून तर 21 दिवस गोळी, 7 दिवस सुट्टी, आणि पहिल्या दोन सायकलमध्ये 15व्या दिवशीही सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. म्हणून खरी भीती संत्र्याची नाही, नागपूरच्या बर्डी बाजारातल्या ठेल्यावर रसात पडणाऱ्या अस्वच्छ बर्फाची! घरी फळ सालीसकट धुऊन, मग सोलून द्या. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. मात्र टीबीची किंवा बुरशीची औषधं सोबत चालू असतील तर डोसचं गणितच बदलतं. ते आधी ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) सांगा.