रडगाणी बंद करू का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि त्यातला एक परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. त्याच्याकडे येतेच. आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई ४२ वर्षांच्या, राहायला डोंबिवलीत, माहेर मिरजेचं. आठ महिन्यांपूर्वी वडील झोपेतच हृदयविकारानं गेले. एसटीतून निवृत्त झालेले, गुरुवारच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, सकाळी घरात आकाशवाणी लागलीच पाहिजे असा त्यांचा खाक्या. आता ताई रोज रात्री ओटा आवरला की इअरफोन घेऊन बाल्कनीत बसतात, तीच पाच-सहा दुःखी गाणी ऐकतात आणि रडतात. नवरा म्हणतो, "ही रडगाणी बंद कर, त्यांनीच तू खचत चालली आहेस." दिरांनी फॅमिली ग्रुपवर कुठल्या आजारावर कुठला राग ऐकावा याचा तक्ता टाकलाय. तिकडे मिरजेत आईनं रेडिओ कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला, टीव्हीवर गाणं लागलं तरी चॅनल बदलते. ताई विचारतात, गाण्यांनी मी आजारी पडतेय का? आणि आईचं काय करू?

आधी नवरोबांचं म्हणणं घेऊ. दुःखी गाण्यानं माणूस आणखी दुःखी होतो, हे ऐकायला पटतं, पण सरसकट खरं नाही. बर्लिनच्या दोन संशोधकांनी २०१४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. जगभरातल्या ७७२ जणांना विचारलं, दुःखी संगीत ऐकताना तुम्हाला नक्की काय वाटतं? सगळ्यात जास्त वेळा जे पुढे आलं ते दुःख नव्हतंच. ती होती जुन्या दिवसांची ओढ. तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याशी आलं की "बाबा समोर बसल्यासारखे वाटतात." आठ महिन्यांत घरात कुणी त्यांचं नाव धड काढत नसेल, तर माणूस जिथे भेटतो तिथेच तुम्ही जाणार. रोज तीच गाणी का, याचंही कोडं नाही. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या गाण्याची ती खास जागा येण्याआधीच, नुसत्या वाट पाहण्यानं, मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवू लागतं. पखवाज वाजवणाऱ्याच्या लेकीला समेची वाट पाहणं मी काय समजावणार!

गाडीत नवऱ्यानं मुद्दाम नाचायची गाणी लावली आणि तुम्ही चिडून बंद केलीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. संगीतोपचार करणारे उलट्या बाजूनं सुरुवात करतात. आयरा आल्टशुलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४०च्या दशकातच हे मांडलं होतं: माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिला जुळणारं संगीत आधी, मग हळूहळू पुढचं. उदास माणसाच्या कानाशी ढोलताशा वाजवला तर तो उठून खोलीचं दार लावून घेतो, एवढंच होतं. तुमची गाणी तशीच राहू द्यात, फक्त शेवटी एखादं असं लावून बघा की जे बाबांचं आहे पण रडवत नाही. त्यांचं एखादं गमतीचं आवडतं गाणं असेलच की.

आता तो परिच्छेद. तुम्ही लिहिलंय, "रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. घरात पाहुणे होते, उचलला नाही. म्हटलं सकाळी करू. पहाटे ते गेले. गाणं सुरू झालं की मला तो मिस्ड कॉल दिसतो." चार पानांच्या पत्रात याला चार ओळी, आणि पुढच्याच ओळीत लगेच दिरांचा तक्ता. ताई, मला विचाराल तर तुमचं खरं पत्र एवढंच आहे.

बाबांची आठवण येऊन रडणं वेगळं आणि स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून रडणं वेगळं. बाल्कनीत दोन्ही एकाच गाण्यावर चालतं, म्हणून बाहेरून बघणाऱ्या नवऱ्याला ते एकच दिसतं. सँड्रा गॅरिडो आणि एमरी शुबर्ट या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांना असं आढळलं की एकच विचार घोळवत बसण्याची सवय ज्यांना असते, त्यांना दुःखी संगीतानंतर आणखी उदास वाटतं. दुखऱ्या दातावर जीभ जात राहते तसं. तेव्हा नुसतं किती रडले हे मोजू नका. इअरफोन काढल्यावर काय होतं ते बघा. तोंडावर पाणी मारून झोप लागते, की अंथरुणात पुन्हा तो फोन, ते पाहुणे, "उचलला असता तर"? पहिलं असेल तर खुशाल ऐका. दुसरं असेल तर गाणं बंद करूनही फरक पडणार नाही, कारण तो फोन गाण्याशिवायही वाजत राहील.

तो कुणाला तरी तोंडानं सांगायला हवा. तुम्ही तो मला लिहिलात, नवऱ्याला सांगितलेला नाही असं पत्रावरून दिसतं. डॉक्टरांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलंय की आदल्या संध्याकाळच्या बोलण्यानं काही बदललं नसतं. तुमच्या बुद्धीला ते पटलंय, पण आत अजून उतरलेलं नाही. माझ्या पत्रानंही उतरणार नाही. समोर बसलेल्या माणसाला दोनतीनदा सांगून झालं की उतरायला लागतं. घरात जमत नसेल तर समुपदेशकाकडे जा. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. झोप आणि जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको असं मनात येऊन जात असेल, तर मात्र आजच फोन करा, गाण्यांचं नंतर बघू.

दिरांच्या तक्त्याबद्दल. मनुष्य काळजीपोटी पाठवतोय, एक अंगठा पाठवून द्या. रागांच्या वेळा आपल्याकडे आहेत, भैरव सकाळचा, मारवा सूर्यास्ताचा, पण अमुक राग ॲसिडिटीवर आणि तमुक बीपीवर, असं गोळ्यांसारखं वाटप करायला आधार नाही. २००६ साली इटलीत २४ जणांना सहा तऱ्हांचं संगीत ऐकवून श्वास, नाडी, रक्तदाब मोजले होते. त्यात आपल्याकडचा रागही होता. परिणाम ठरला तो मुख्यतः लयीवरून, संगीताच्या प्रकारावरून नव्हे. आणि सगळ्यात जास्त विसावा मिळाला तो मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत! प्रशिक्षित माणसाकडून होणारा संगीतोपचार ही निराळी गोष्ट. नैराश्याच्या नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिली तर निदान काही काळ फायदा होतो, असं ९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन २०१७ मध्ये सांगितलं गेलंय. जोड, बरं का. औषधाच्या जागी नाही.

राहता राहिली आई. तुम्हाला गाण्यात बाबा भेटतात. आईला रेडिओ लागला की रिकामी खुर्ची दिसत असेल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या आवाजावर तिनं सकाळचा चहा टाकला, तो आवाज आहे आणि माणूस नाही. तिला "ऐक, बरं वाटेल" म्हणू नका, आणि पुढच्या खेपेला गुपचूप रेडिओ खाली काढून ठेवू नका. तिचा तो हक्क आहे.

पण दुसरीही शंका येते. चुलत्यांनी तिला सांगितलंय म्हणे, वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गाणंबजावणं नको. मग चॅनल बदलते ती नकोसं वाटतं म्हणून, की शेजारच्या भिंतीला ऐकू जाईल म्हणून? हे तिला एकटीला गाठून विचारा, भावजय समोर नसताना. भजनाला सहसा सुतकाची आडकाठी मानत नाहीत. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच घरात मंडळी भजनाला बसतात. बाबांचं मंडळ गुरुवारी बसतंच. एकट्यानं ऐकण्यापेक्षा चारचौघांत गाणं वेगळं काम करतं. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये दाखवलं की गाण्याच्या वर्गातली अनोळखी माणसं हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गांपेक्षा लवकर एकमेकांच्या जवळ येतात. आई तर तिथे अनोळखीही नाही. तिला टाळ धरायला सांगू नका, फक्त विचारा, "एकदा मागे बसून येऊ या का?" नाही म्हणाली तर विषय सोडा आणि महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा विचारा.

हो म्हणाली तर चुलत्यांना आधी फोन तुम्ही करा. आईला करायला लावू नका.

तुमची,
मावशी