चार लाइट, चोवीस हप्ते

प्रश्न थोडक्यात: कराडच्या एका फोटोग्राफरना बालवाड्या आणि शिक्षकवृंदाचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे, 8 ते 12 जणांचे ग्रुप फोटो काढायचे असतात. डीलरने बॅटरीवर चालणाऱ्या, 400 वॅट-सेकंदाच्या (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) चार फ्लॅश लाइटचं 1,60,000 रुपयांचं कोटेशन दिलंय, 12 टक्के फ्लॅट व्याज, 24 हप्ते. बँकेत शिल्लक 1,10,000. घेऊ का?

आधी हप्त्याचं बघू. फ्लॅट म्हणजे तुम्ही फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच. 38,400 रुपये व्याज, महिना साधारण 8,267. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्याकडे लग्नाचं काम नसतं, हप्ता मात्र असतो.

आता बचतीची बाजू. गेल्या हंगामात 12 दिवस भाड्याने लाइट आणले, दिवसाला 2,000 प्रमाणे 24,000. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की बॅकग्राउंड पांढरं करायला एका मुलाला फोटोमागे 40 रुपये देता आणि असे 400 फोटो झाले. म्हणजे आणखी 16,000. मला खरी गळती इथे दिसते.

मी फोटोग्राफर नाही. पण एका अशिलाच्या स्टुडिओत हा प्रकार उभा राहून पाहिलाय. माणसं मागच्या पांढऱ्या कागदाला चिकटून उभी केली आणि सगळा उजेड त्यांच्यावरच टाकला. कागद राखाडी आला. लाइट वाढवला तर चेहरे पांढरेफटक पडले. मग त्याने माणसं सहा-सात फूट पुढे घेतली, कागदावर दोन्ही बाजूंनी वेगळे फ्लॅश टाकले, कागद चेहऱ्यांपेक्षा स्टॉपभर, म्हणजे दुप्पट, उजळ ठेवला. पुढच्या फोटोत बॅकग्राउंड कॅमेऱ्यातूनच पांढरं आलं. कागद फार उजळला तर तोच उजेड केसांच्या कडा खातो, तेवढं जपायचं.

कागदावर टाकायला तुमचे दोन हँडफ्लॅश आहेतच. ताकद हवी ती माणसांवर, कारण दोन रांगा शार्प यायला एफ 8 लागतो, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान आणि उजेड जास्त हवा, आणि लाइट दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई उरतो. त्यासाठी कोटेशनच्या दुसऱ्या पानावरचा पर्याय बघा: विजेवर चालणारे तेवढ्याच ताकदीचे दोन लाइट, उजेड पसरवणाऱ्या मोठ्या छत्र्यांसकट 42,000. शाळेच्या हॉलमध्ये प्लग असतोच. स्टँड, वायर आणि 12 फुटी कागदाच्या रोलसाठी 8,000 धरा. नऊ फुटी रोल घेऊ नका, एका रांगेत सहा जण उभे राहिले की कडा संपते.

वर्षाला तीन दिवस मैदानावरच्या कामासाठी भाडं लागेल, थोडं एडिटिंगही राहील, असे 10,000 सोडले तरी 30,000 वाचतात. पन्नास हजार पावणेदोन वर्षांच्या आत सुटतात. मोठा सेट सगळंच्या सगळं 40,000 वाचवेल असं धरलं, तरी 1,98,400 सुटायला जवळपास पाच वर्षं जातील. तोवर त्याच्या बॅटऱ्या कितपत तग धरतील, हे डीलरलाच विचारा.

तेव्हा मोठा सेट नको. छोटा घ्या, रोखीने, हंगामाआधी. हातात 60,000 उरतात. घर-दुकानाचा महिन्याचा 28,000 खर्च बघता ही जेमतेम दोन महिन्यांची सोय झाली, आणि शाळा पैसे द्यायला एप्रिल उजाडवतात. म्हणून या वर्षी ऑर्डर घेतानाच तीस टक्के ॲडव्हान्स मागा. संकोच वाटेल, पण मुख्याध्यापकांना ते नवीन नाही.

उलाढाल 20 लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे बिलातला कर परत मिळणार नाही. तरी वॉरंटीसाठी बिल पक्कंच घ्या. आणि रोल दुकानात उभा ठेवा. आडवा ठेवलात तर बाक येतो, मग कितीही उजेड टाका, लाटा दिसतातच.