कोणत्या खोलीत कोणता गालिचा घालावा?

आपण लिहिले आहे की ग्वाल्हेरच्या मुरार भागात नवे घर घेतले आहे, दिवाणखाना, जेवणाची जागा, आपली झोपायची खोली आणि सासूबाईंची खोली अशा चारही ठिकाणी गालिचे घालायचे आहेत, आणि दुकानदार चारही एकाच जातीचे, एकाच रंगसंगतीचे घ्या असे सुचवत आहे. माझा सल्ला याच्या उलट आहे. त्या खोलीत फरशीवर काय सांडते, कोण चालते आणि तो गालिचा धुणार कोण, हे आधी ठरवावे. रंग आणि नक्षी त्यानंतर. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढले, अजूनही तिथेच राहते, आणि पुढे लिहिलेले बहुतेक सारे घरात वापरून कळलेले आहे.

जेवणाच्या जागेत लोकरीचा गालिचा मुळीच घालू नये. वरणाचा थेंब पडला की हळदीचा डाग लोकरीत बसतो, आणि तो काढण्याच्या प्रयत्नात बहुधा गालिचाच खराब होतो. तिथे सुती सतरंजी हवी, घरी धुता येईल अशी, शक्यतो गडद पट्ट्यांची. मापाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. खुर्ची मागे ओढल्यावरही तिचे मागचे पाय सतरंजीवरच राहायला हवेत, नाहीतर पाय काठाला अडकतो आणि उठणारा माणूस दर वेळी अडखळतो. त्यासाठी टेबलाच्या प्रत्येक बाजूला सुमारे २ फूट जास्त धरावेत. म्हणजे ६ बाय ४ फुटांच्या टेबलाला १० बाय ८ फुटांची सतरंजी लागते. खरेदीपूर्वी तेवढ्या मापात जुनी वर्तमानपत्रे अंथरून एक दिवस खुर्च्या सरकवून पाहाव्यात.

दिवाणखान्यात लोकर शोभते आणि टिकते. तिचे तंतू दाबले गेले तरी पुन्हा उभे राहतात, पाणी सांडले तर क्षणभर वरच थांबते आणि टिपून घ्यायला वेळ मिळतो, शिवाय आपल्याकडच्या जानेवारीत दगडी फरशीवर पाय ठेवणे तिच्यामुळेच सुसह्य होते. चूक होते ती लहान माप घेण्यात. सोफ्यापुढे मधोमध पडलेला छोटा गालिचा खोलीला आणखी लहान करतो; निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यावेत आणि दोन्ही बाजूंना अर्धा फूट तरी तो बाहेर दिसावा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर दर सहा महिन्यांनी त्याची दिशा फिरवावी, म्हणजे रंग एकाच बाजूचा उडत नाही.

इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण खरे पैसे इथेच जातात. काही वर्षांपूर्वी मी ‘हाताने बनवलेला’ म्हणून एक गालिचा चांगली किंमत देऊन घेतला. पाचव्या वर्षी तो उचलून झाडू मारताना खाली फरशीवर पिवळसर भुकटी साचलेली दिसली. तो गाठींचा, म्हणजे हाताने एकेक गाठ मारून विणलेला नव्हता, टफ्टेड होता: कापडात यंत्राने धागे टोचायचे, मागून लॅटेक्सने चिकटवायचे आणि वर दुसरे कापड लावायचे. लॅटेक्स उष्णतेने वाळते आणि भुरभुरते, आणि आपला उन्हाळा तर पंचेचाळिशीला टेकणारा. असा गालिचा स्वस्तात, चार-पाच वर्षांसाठी जरूर घ्यावा, पण गाठींच्या किमतीला कधीच नाही. ओळख सोपी आहे. गालिचा उलटा करावा. हातविणीच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही तितकीच स्पष्ट दिसते आणि झालर ही त्याच्याच उभ्या धाग्यांची असते, वेगळी शिवलेली नसते. आपण तर ग्वाल्हेरमध्येच आहात. इथल्या हातविणीच्या गालिच्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जमल्यास प्रत्यक्ष माग पाहून मगच गालिचा घ्यावा. लोकरीची खात्री करायची असेल तर सुटा धागा मागून तो जाळून पाहावा: जळत्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा.

झोपायच्या खोलीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पलंगाखाली झाकला जाणारा मोठा गालिचा म्हणजे पैसा अंधारात घालणे. दोन्ही बाजूंना, उठल्यावर पाय पडतो तिथे, एकेक लांबट मऊ पट्टी पुरते. लोकरीच्या पट्ट्या असतील तर पलंगाखालचा भाग वरचेवर उचलून झाडावा, कारण कसर अशाच न हलणाऱ्या अंधाऱ्या जागी लागते.

सासूबाईंच्या खोलीबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन की पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट पूर्ण मोकळी ठेवा. माझी आई ज्या सतरंजीवरून पडली ती घरातली सर्वांत सुंदर सतरंजी होती. गुळगुळीत फरशीवर ती सरकली आणि आईच्या मनगटाचे हाड मोडले. पायांना थंडी वाजत असेल तर त्यांच्या खुर्चीपुढे एकच पातळ, जड विणीची सतरंजी घालावी, खाली तिच्याच मापाची रबरी जाळी अंथरावी आणि काठ वर वळत नाहीत ना, हे रोज पाहावे. उंच लवीचा गालिचा या खोलीत नको. काठी आणि वॉकर दोन्ही त्यात रुततात.

पैसे बेताचे असतील तर आधी ही जाळी आणि जेवणाच्या जागेची सतरंजी घ्या, दिवाणखान्याचा गालिचा सावकाश शोधा. दुकानात जाताना एक पांढरा ओला रुमाल बरोबर न्या आणि लाल व निळ्या भागावर जरा जोराने घासा. रुमालावर रंग उतरला, तर तो गालिचा पहिल्याच धुण्यात फरशीही रंगवेल.