रोलप्ले गेममध्ये मला ठाऊक असलेलं आणि माझ्या पात्राला ठाऊक असलेलं वेगळं कसं ठेवायचं? आणि पात्राचा राग मला का येतो?

तुम्ही दोन प्रसंग लिहिलेत. ट्रोल हा राक्षस समोर येताच तुमच्या पात्राने मशाल फेकली आणि सोबत्यांनी 'हे मेटागेमिंग झालं', म्हणजे खेळाडूला असलेली माहिती पात्राने वापरली, म्हणून हरकत घेतली. मग मित्राच्या पात्राने तुमच्या पात्राला दगा दिला आणि तुम्ही त्या मित्राशी दोन दिवस बोलला नाहीत. मी बारा वर्षं खेळतेय, त्यातली निम्मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) म्हणून. या दोन्हींतून मी गेलेय.

आधी ट्रोल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या मूळ नियमांत ट्रोलला दर फेरीला 10 हिट पॉइंट (किती जीव उरलाय ते मोजणारे गुण) परत मिळतात. आगीचा किंवा ॲसिडचा मार बसला, तर पुढच्या खेपेला ते मिळत नाहीत. हे एकदा वाचलं की डोक्यातून काढता येत नाही. कॅमरर, लोवेनस्टाइन आणि वेबर या अभ्यासकांनी 1989 साली याला 'ज्ञानाचा शाप' म्हटलं होतं: जे आपल्याला ठाऊक आहे, ते ठाऊक नसलेला माणूस कसा विचार करेल, याचा अंदाज आपल्याला नीट बांधता येत नाही.

म्हणून 'माहीतच नाही असं समजून खेळ' हा सल्ला मला पटत नाही. आग चालते हे ठाऊक असताना तुम्ही मुद्दाम चार फेऱ्या तलवारच चालवलीत, तर तो निर्णयसुद्धा पुस्तकात वाचलेल्या माहितीवरूनच झाला की. खरंच अजाण असलेला माणूस पहिल्याच फेरीत मशाल फेकू शकतो, केवळ ती हातात होती म्हणून.

मी स्वतःला विचारते: या क्षणी माझ्या पात्राला काय दिसतंय, आणि काय हवंय? माझं एक पात्र वैदू होतं. तिने ट्रोलची जखम डोळ्यांदेखत भरताना पाहिली. वाहती जखम बंद करायला डाग देतात, हे तिला धंद्यामुळे ठाऊक. मग भरणारी जखमही डागून बघावी, असं तिच्या मनात आलं. दोन फेऱ्या गेल्या, पण आगीपर्यंत ती तिच्या वाटेने पोचली, माझ्या नाही. अशी वाट सापडली नाही, तर सरळ डीएमला विचारा, 'हे माझ्या पात्राला ठाऊक असेल का?' आणि फासा टाका. जिथे ट्रोल खरोखर हिंडतात, तिथल्या पोरासोरांनीही त्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील! आणि प्रत्येक गुपित लपवायलाच हवं असंही नाही. दारामागे घात आहे हे मला माहीत, माझ्या पात्राला नाही, आणि ती हसत दार उघडते. असे प्रसंग मला वर्षानुवर्षं आठवतात.

दगा मात्र याहून अवघड. आपल्या आणि पात्राच्या भावना एकमेकांत झिरपण्याला खेळाडू 'ब्लीड' म्हणतात. हा शब्द 2007 साली एमिली केअर बॉस या गेम डिझायनरने रूढ केला. ते दोन्हीकडून होतं. दिवसभराची चिडचिड पात्राच्या तोंडून निघते, आणि पात्राचं दुखणं सेशन संपल्यावरही आपल्या घशात अडकून राहतं. यात तुमचं काही चुकलेलं नाही. परकायाप्रवेश मनापासून केला, तर त्या कायेला लागलेलं आपल्यालाही लागणारच.

माझ्या वैदूच्या भावाचं लपण्याचं ठिकाण आमच्यातल्या चोराचं पात्र खेळणाऱ्याने शत्रूला विकलं, तेव्हा मी घरी जाऊन रडले. पुढच्या सेशनला मी त्याच्या पात्राला वाचवलं नाही, आणि कारण वैदूचं सांगितलं. ते खोटं होतं. राग माझा होता.

तेव्हापासून आमच्या टेबलावर सेशननंतर दहा मिनिटं राखून ठेवलेली असतात. फासे गोळा करायचे, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारायची, आणि झालेल्या प्रसंगाबद्दल 'मला' न म्हणता 'तिला', 'त्याला' म्हणून बोलायचं. 'तिला फसवल्यासारखं वाटलं' हे मोठ्याने म्हटलं की माझ्या वाट्याचं नेमकं किती, ते दिसू लागतं. दुसरं, दगा देण्याआधी खेळाडूने समोरच्या खेळाडूला विचारायचं. 'त्याने रहस्य फुटतं' असं काही जण म्हणतात. फुटू दे. संमतीने खेळलेला दगा जास्त रंगतो, कारण दोघंही तो प्रसंग मिळून उभा करतात.

'माझं पात्रच तसं आहे' हे कारण मी डीएम असताना ऐकून घेत नाही. पात्र आपण घडवलंय. तसंच पण टेबलावरच्या कुणाला दुखावणार नाही असं काहीतरी ते नेहमीच करू शकतं.

मित्राशी बोला. पण 'तू असं का केलंस' इथून सुरुवात करू नका. तो प्रसंग खेळताना त्याला कसं वाटलं ते विचारा. मी आमच्या चोराला विचारलं तेव्हा कळलं, की तो फासा टाकताना मनात म्हणत होता, माझा हा डाव फसू दे.