136 किलोहर्ट्झवर आवाज पाठवायचाय? आधी हे वाच

हौशी रेडिओचा 2200 मीटरचा पट्टा 135.7 ते 137.8 किलोहर्ट्झ, म्हणजे सगळा मिळून 2.1 किलोहर्ट्झ. नेहमीचा एसएसबी (लहरीची एकच बाजू पाठवायची पद्धत) आवाज 300 ते 2700 हर्ट्झचा. तो इथे मावतच नाही. म्हणून लगेच फिल्टर आवळायला धावू नकोस. वरची बाजू 1800 हर्ट्झला कापलीस तर स्वर कळतात, पण 'स', 'श', 'फ' यांची सरमिसळ होते, कारण या व्यंजनांची ओळख बरीचशी 2 किलोहर्ट्झच्या वर असते. कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) तर अशा अक्षरांवरच अडतं.

त्यापेक्षा व्होकोडर बघ. तो आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. स्वराची उंची, घशा-तोंडाचा आकार आणि जोर एवढंच आकड्यांत पाठवतो. फ्रीडीव्ही 700डी हा असाच डिजिटल आवाजाचा प्रकार साधारण 1000 हर्ट्झमध्ये बसतो. आवाज यंत्रासारखा येतो, पण शब्द लागतात.

खरी मेख अँटेनात आहे. लोडिंग कॉइलसकट (आखूड अँटेना जुळवणाऱ्या वेटोळ्यासकट) तिचा क्यू, म्हणजे अनुनाद किती टोकदार आहे त्याचा आकडा, 200 असला, तर 136 किलोहर्ट्झला तिची रुंदी (वारंवारता भागिले क्यू) जेमतेम 680 हर्ट्झ! मुद्दाम रोध वाढवला तर रुंदी वाढते, पण आधीच तुटपुंजी असलेली शक्ती उष्णतेत जाते. तुझ्या जागी मी असतो तर प्रयोग 472 ते 479 किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर सुरू केला असता; तिथे त्याच क्यूला रुंदी जास्त मिळते. मात्र परवान्यात तिथे आवाजाची मुभा आहे का, ते आधी तपास.