'चौथा स्तंभ' नाही हो, चौथं ठाण!

प्रश्न असा होता की इटालियन चित्रकार पेलिझा दा व्होल्पेदोच्या 'इल क्वार्तो स्तातो' या चित्राचं नाव मराठीत 'चौथा स्तंभ' असं वाचलं, पण चित्रात एकही पत्रकार नाही, तर बरोबर शब्द कोणता, आणि पुढे चालणारी मूल कडेवर घेतलेली बाई कशाचं प्रतीक?

पत्रकार कसा असेल, ते संपावरचे मजूर आहेत! हे भाषांतर इतक्यांदा दिसतं की आता चीड येते. लोकशाहीच्या खांबांची मोजणी वेगळी, ही मोजणी जुन्या फ्रान्समधल्या समाजाच्या वर्गांची: धर्मगुरू, उमराव, आणि उरलेले सगळे तिसरे. १७८९ मध्ये तिसऱ्यांनी हक्क मागितले पण त्यांच्यातही पुढे वकील-व्यापारीच, मजुराला विचारतो कोण, म्हणून त्याच वर्षी दुफुर्नी या फ्रेंच क्रांतिकारकाने 'चौथ्यां'ची गाऱ्हाणी छापली. तो हा चौथा. इंग्रजीतही १७५२ मध्ये कादंबरीकार फील्डिंगने 'फोर्थ इस्टेट' म्हटलं ते रस्त्यावरच्या जमावाला, पत्रकारांना तो शब्द नंतर चिकटला. आणि 'चौथी इस्टेट' तर लिहूच नका, मराठीत इस्टेट म्हणजे जमीनजुमला, या लोकांकडे तोच नाही.

आता खरी मजा. चित्राच्या नावातला 'स्तातो', म्हणजे समाजातला वर्ग, आला लॅटिन 'स्तारे'वरून, म्हणजे उभं राहणं, आपला स्था धातू तो हाच. स्थिती, स्थान, ठाणं आणि ठाण! ठाण म्हणजे धनुर्धारी बाण सोडायच्या आधी पाय रोवून घेतो तो पवित्रा. आता चित्रकाराने नावं कशी बदलली बघा: आधीच्या मोठ्या चित्राचं नाव 'फ्युमाना', म्हणजे लोंढा, मग १८९८ ला हे नवं चित्र सुरू केलं तेव्हा 'कामगारांची वाटचाल', आणि शेवटी, १९०२ च्या तुरिनच्या प्रदर्शनाच्या सुमारास, 'स्तातो'. लोंढा, चाल, ठाण. जवळजवळ साडेपाच मीटर रुंद कॅनव्हासवर माणसं अंधारातून उजेडाकडे चालत येतायत, ना काठी ना आरडाओरडा, मधला माणूस कोट खांद्यावर टाकून निवांत पावलं टाकतोय, ही चाल असूनही ठाण मांडलेलंच आहे, माझ्या मते नाव बदललं ते म्हणूनच.

काही कोशपंडित म्हणतात स्तंभही त्याच धातूचा, मग बिघडलं काय? साफ चूक. स्तम्भ् धातू वेगळा, पेलून धरणं, रोखून धरणं हा त्याचा अर्थ. खांब दुसऱ्याचं छप्पर पेलतो आणि या माणसांनी तेच पेलायला नकार दिलाय, त्यांना खांब म्हणणं म्हणजे चित्र उलटं टांगणं. 'चौथा वर्ण'ही नको, त्याने जन्माची जात आत शिरते. छापायला 'चौथा वर्ग' चालेल, मी मात्र ठाणच म्हणणार.

बाईचं राहिलंच. तिच्यासाठी चित्रकाराची बायको तेरेसा मॉडेल होती. ती अनवाणी आहे, आणि मूल सांभाळत मोकळ्या हाताने शेजारच्या पुरुषाला काहीतरी सांगतेय, प्रतीक शोधायचंच तर आधी तो हात बघा.